मालकाविना चाळीस दिवस : काम सोपविण्याची रीत

पुणे-सोलापूर रस्त्यावर यवत सोडले की भांडगाव लागते आणि पुढे चौफुला, वरवंड, पाटस, कुरकुंभ. या रस्त्याच्या दोन्ही अंगांना आपल्या बांधवांचे धंदे आहेत. कुणाचे कापड, कुणाची शिलाई, कुणाची बेकरी, कुणाचे गॅरेज, कुणाचे गादीकाम. धंदे निरनिराळे, पण मांडणी बहुतेक ठिकाणी एकच. एक मालक आणि त्याच्या हाताखाली दोन-चार माणसे, फार तर आठ-दहा. खरेदीला मालक, गल्ल्यावर मालक, भाव सांगायला मालक, उधारीच्या वसुलीला मालक आणि रात्री शटर ओढायलाही मालकच.

या मेहनतीचे आपल्याकडे कौतुक होते. मात्र तिची किंमत काय द्यावी लागते, हे फारसे कुणी मोजत नाही. घरात मयत झाली की दुकान बंद. ऐन लगीनसराईत मालकाला ताप आला की गिऱ्हाईक दुसऱ्याच्या पायरीवर. दहा वर्षे राबलेला नोकर कापड मोजणे आणि घडी घालणे यापलीकडे काही शिकत नाही आणि एक दिवस कंटाळून निघून जातो. मालकाने डोळे मिटले की मुलगा गल्ल्यावर बसतो, पण कोणत्या ठोक व्यापाऱ्याचे किती देणे आणि कोणत्या गावात किती उधारी, हे त्याला ठाऊक नसते. ती माहिती कागदावर नव्हती, बापाच्या डोक्यात होती. दोन-तीन वर्षांत तीस वर्षांची पेढी उठते.

हज कमिटीमार्फत जाणाऱ्या यात्रेकरूचा प्रवास साधारणतः चाळीस दिवसांचा असतो. ऐपत असूनही "दुकान कोण पाहील?" या एका प्रश्नावर अर्ज वर्षानुवर्षे पुढे ढकलणारे बांधव प्रत्येक गावात सापडतील. म्हणून आम्ही या लेखात हाच मापदंड धरला आहे. मालक चाळीस दिवस नसला तरी ज्याचे दुकान चालते, त्याला काम सोपविता आले. ज्याचे चालत नाही, त्याच्याकडे नोकर असतील, पण कामाची माणसे नाहीत.

हुकूम वेगळा, सोपवणूक वेगळी

"जा, पांढऱ्या पॉपलीनचे पाच तागे घेऊन ये," हा हुकूम झाला. यात नोकराचे पाय वापरले, डोके नाही. "रमजान ईदसाठी शर्टिंगची खरेदी तुझ्याकडे. रक्कम चाळीस हजारांपर्यंत. ईदच्या वीस दिवस आधी माल दुकानात आला पाहिजे. कोणता रंग, कोणती जात, ते तू ठरव. बिले रोजच्या रोज मला दाखव," ही सोपवणूक झाली. यात काम आहे, हद्द आहे, मुदत आहे, अधिकार आहे आणि हिशेबही आहे. या पाचांपैकी एक जरी गळले तरी काम बिघडते. अधिकार नसेल तर तो प्रत्येक ताग्याला फोन करील. हद्द नसेल तर साठ हजारांचा माल उचलून आणील. मुदत नसेल तर माल ईदनंतर येईल. हिशेब नसेल तर पुढचे सांगायला नको.

आपल्या दौंड भागात याचे उत्तम उदाहरण रोज डोळ्यांसमोर असते. कालव्याच्या पाण्यावर ऊस आणि उसावर गुऱ्हाळे. गुऱ्हाळात चुलवाणाला जाळ घालणारा वेगळा आणि गुळव्या वेगळा. उकळणाऱ्या रसाची काहील कोणत्या क्षणी उतरवायची, हे गुळव्या ठरवतो. मालक शेजारी उभा असला तरी मध्ये बोलत नाही, कारण थोडी घाई झाली तर गूळ पातळ राहतो आणि थोडा उशीर झाला तर करपतो. तेवढ्या वेळेपुरता अधिकार पूर्ण गुळव्याचा. मात्र ऊस कुणाचा घ्यायचा आणि गूळ कुठे विकायचा, हे मालक ठरवतो. गुळव्या त्यात बोलत नाही. दोघांनाही आपली हद्द ठाऊक आहे, म्हणून काम चालते. कापडाच्या आणि शिलाईच्या दुकानात हद्दी अशा ठरलेल्या नसतात. सगळे सगळ्यांचे आणि शेवटी एकट्या मालकाचे.

ही रीत आपल्याला नवी नाही

काही बांधवांना वाटते, दुसऱ्यावर धंदा टाकणे म्हणजे निष्काळजीपणा. आपला इतिहास वेगळे सांगतो. हजरत खदीजा (रजि.) मक्केतील मोठ्या व्यापारी होत्या. त्यांचा माल तांड्याबरोबर शामकडे जात असे, पण त्या स्वतः तांड्याबरोबर जात नसत. माल विश्वासू माणसाच्या हाती देत आणि नफ्यात त्याचा वाटा ठेवीत. नुबुव्वतीपूर्वी हजरत मुहम्मद (स.) यांच्या हाती त्यांनी असाच माल दिला आणि सोबत आपला सेवक मैसरा यालाही पाठविले. परत आल्यावर व्यवहार कसा झाला, हे त्यांनी मैसराकडून जाणून घेतले. भरवसा पूर्ण होता आणि माहितीही घेतली. या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात, हे आपण त्यातून शिकावे. एकाचे भांडवल आणि दुसऱ्याची मेहनत या व्यवहाराला फिकहमध्ये मुदारबत म्हणतात आणि दुसऱ्याला आपल्या वतीने काम करण्यास नेमणे याला वकालत.

हजरत उर्वा बारिकी (रजि.) यांची हकीकत सहीह बुखारीत आली आहे. प्रेषितांनी (स.) त्यांना एक दीनार देऊन एक बकरी आणायला सांगितले. उर्वांनी त्या दीनारात दोन बकऱ्या घेतल्या, एक बकरी एका दीनारास विकली आणि एक बकरी व एक दीनार घेऊन परत आले. यावर प्रेषितांनी (स.) त्यांच्या व्यापारात बरकतीची दुआ केली. आपल्यापैकी किती मालकांनी अशा वेळी "तुला सांगितले काय आणि तू केलेस काय?" असे म्हटले असते, याचा ज्याने त्याने विचार करावा. हेतू साधून, मालकाचे नुकसान न करता, हुशारीने काम करणाऱ्याला शाबासकी मिळाली तरच तो दुसऱ्यांदा डोके चालवील.

माणूस कसा निवडावा?

कुरआनच्या २८ व्या सूरहमध्ये हजरत मूसा (अलै.) यांना मदयन येथे कामावर ठेवण्याचा प्रसंग आहे. त्यांची शिफारस करताना दोन गुण सांगितले गेले : अंगात कुवत असणे आणि अमानतदार असणे. आजही मालकाला याहून अधिक काही शोधायचे नाही, मात्र दोन्ही एकत्र शोधायचे आहेत.

आपल्याकडे चूक नेमकी येथे होते. भाचा आहे, नमाजी आहे, एका पैशाला हात लावत नाही, म्हणून खरेदी त्याच्याकडे दिली जाते, आणि त्याला सुती व टेरिकॉटमधला फरक कळत नाही. किंवा पोरगा चलाख आहे, गिऱ्हाईक पटवतो, म्हणून गल्लाही त्याच्याच हाती जातो, आणि मग महिन्याचा मेळ बसत नाही. भाच्याला आधी माल ओळखायला शिकवावे. चलाख पोराला विक्री द्यावी, पण रोकड आणि रोजमेळ एकाच हाती ठेवू नये. पैसे घेणारा एक आणि वही लिहिणारा दुसरा असला की प्रामाणिक माणसावर संशय येत नाही आणि कच्च्या माणसाला मोह होत नाही.

येथे आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. आज आपल्या अनेक घरांत वाणिज्य शाखा शिकलेल्या मुली आणि सुना आहेत. हिशेब, जीएसटीची कागदपत्रे, उधारीची यादी ही कामे त्या घरी बसूनही चोख करू शकतात. बाहेरचा मुनीम शोधण्याआधी घरात पाहावे. हजरत खदीजा (रजि.) यांचे नाव घेणाऱ्या समाजाला यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

काय द्यावे, काय राखावे

कापडाच्या दुकानाचे उदाहरण घेऊ. आकडे नमुन्यादाखल आहेत. प्रत्येकाने आपल्या उलाढालीप्रमाणे बदलावेत.

१. विक्री. सर्वांत जुन्या नोकराला भाव सोडण्याचा अधिकार द्यावा, पण हद्द ठरवून. समजा, शेकडा पाचपर्यंत त्याने स्वतः सोडावे आणि त्यापुढे विचारावे. प्रत्येक गिऱ्हाइकामागे "शेठ, किती लावू?" असे विचारावे लागले की गिऱ्हाईक ओळखते की या माणसाच्या हाती काही नाही आणि ते सरळ मालकाशीच बोलू लागते.

२. उधारी. ओळखीच्या घरांची यादी लिहून ठेवावी. यादीतल्या घराला दोन हजारांपर्यंत नोकराने द्यावे. यादीबाहेर एक रुपयाही नाही. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश कुरआनच्या दुसऱ्या सूरहच्या २८२ व्या आयतीत आहे आणि ती कुरआनमधील सर्वांत लांब आयत आहे. तोंडी उधारी देणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे.

३. खरेदी. आधी नेहमीचा, ठरलेला माल सोपवावा. अस्तर, पॉपलीन, सोलापूरच्या चादरी व टॉवेल. फॅशनचा माल मागाहून, कारण त्यात चूक महाग पडते.

४. साठा. महिन्यातून एकदा तागे मोजणे व वहीशी ताळा घालणे हे एका नेमक्या माणसाचे काम असावे. "सगळ्यांनी मिळून करा" म्हटलेले काम कुणीच करत नाही.

मालकाने स्वतःकडे राखण्याच्या गोष्टी थोड्याच आहेत. नवे कर्ज घेणे, माणूस ठेवणे वा काढणे, मोठी उधारी, नवा धंदा आणि जकातीचा हिशेब. बाकी सारे आज ना उद्या दुसऱ्याच्या हाती देता येते.

शिलाईच्या कारागिरांचा प्रश्न थोडा निराळा आहे. मास्तर कात्री कुणाच्या हाती देत नाही, कारण कापड गिऱ्हाइकाचे असते आणि चुकीचा काप जोडता येत नाही. ही भीती रास्त आहे. त्यावर उपाय पायऱ्यांचा. आधी काज-बटन आणि इस्त्री, मग पायजमा, मग सदरा. कटिंग शिकविताना प्रथम मास्तरने आखावे व पोराने कापावे, पुढे पोराने आखावे व मास्तरने पाहून मग कापू द्यावे आणि शेवटी पोराने एकट्याने करावे. वर्षभरात दुसरी कात्री तयार होते. ईदच्या आदल्या आठवड्यात कात्री हाती देऊन "चुकू नकोस" म्हणणे ही शिकवण नव्हे. सोपवणूक मंदीच्या दिवसांत करावी, हंगामात तिचे फळ घ्यावे.

ज्यांच्याशी व्यवहार आहे, त्यांना कळवावे

सोपविले आणि कुणाला सांगितले नाही, तर सोपविले नाही असेच समजावे. ठोक व्यापाऱ्याला, वाहतूकवाल्याला, बँकेला आणि दुकानातल्या इतर नोकरांना कोणते काम आता कुणाकडे आहे, हे मालकाच्या तोंडून कळले पाहिजे.

यात कायद्याचाही भाग आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ मध्ये प्रतिनिधीविषयी, म्हणजे आपल्या भाषेत वकिलाविषयी, कलम १८२ पासून तरतुदी आहेत. व्यापाऱ्याने त्यांतल्या चार-पाच गोष्टी लक्षात ठेवाव्यात. कलम १८५ प्रमाणे मोबदला दिला नसला तरी माणूस प्रतिनिधी ठरू शकतो. म्हणजे बिनपगारी भाच्यालाही हे लागू. कलम १८८ प्रमाणे ज्याला काम दिले त्याला ते काम पार पाडण्यासाठी लागणारा कायदेशीर अधिकारही मिळतो. कलम १९० प्रमाणे ज्याने काम स्वतः करण्याचे कबूल केले, त्याने ते परस्पर तिसऱ्यावर टाकू नये, धंद्याची तशी रूढी वा गरज असेल तर गोष्ट वेगळी. कलम २१३ प्रमाणे मागणी होताच त्याने योग्य हिशेब दिला पाहिजे. आणि कलम २०८ व २३७ सर्वांत महत्त्वाची. माणसाचा अधिकार काढून घेतला, पण समोरच्या व्यापाऱ्याला कळविले नाही, तर त्या व्यापाऱ्यापुरता तो अधिकार चालूच राहतो. आणि आपल्या वागण्या-बोलण्यातून याला अधिकार आहे असे आपण लोकांना भासविले असेल, तर त्याने केलेल्या व्यवहाराची जबाबदारी आपल्यावर येऊ शकते. म्हणून मुनीम बदलला की त्याच दिवशी सर्व पेढ्यांना लेखी कळवावे.

आजच्या काळातली नवी अडचण म्हणजे मालकाचा मोबाइल. २०१७ च्या १ जुलैपासून जीएसटी आला. मासिक विवरणपत्र भरणाऱ्यांना जीएसटीआर-१ पुढील महिन्याच्या ११ तारखेपर्यंत आणि जीएसटीआर-३बी २० तारखेपर्यंत भरावे लागते. ओटीपी मालकाच्या फोनवर आणि मालक मदीनेत! तेव्हा पोर्टलवर दुसऱ्या विश्वासू व्यक्तीचे नाव अधिकृत स्वाक्षरीकर्ता म्हणून आधीच नोंदवावे. बँकेच्या चालू खात्यावर सहीचा अधिकार लेखी द्यावा, मोठ्या कामासाठी वकिलाच्या सल्ल्याने मुखत्यारपत्र करावे. कोऱ्या धनादेशांवर सह्या करून ठेवणे हा भरवसा नव्हे. गिऱ्हाइकाचे मोबाइलवरून येणारे पैसे दुकानाच्याच खात्यावर आले पाहिजेत, नोकराच्या खासगी नंबरवर कदापि नाही.

हिशेब घेणे म्हणजे संशय घेणे नव्हे

प्रेषितांनी (स.) इब्ने लुतबिय्या नावाच्या गृहस्थाला जकात गोळा करण्यास पाठविले होते. परत आल्यावर हा माल तुमचा आणि हा मला भेट मिळालेला, असे त्याने सांगितले. त्यावर, हा माणूस आपल्या आईबापाच्या घरी बसून राहिला असता तर ही भेट चालून आली असती काय, असा सवाल प्रेषितांनी (स.) लोकांसमोर केला. हजरत उमर (रजि.) अधिकारी नेमताना त्याच्या मालमत्तेची नोंद करून ठेवीत, असे इतिहासकार लिहितात. आपल्या धंद्यात खरेदीला जाणाऱ्या माणसाला ठोक व्यापाऱ्याकडून "चहापाणी" मिळते, कधी एखादी शेरवानीही. याविषयी नियम पहिल्याच दिवशी सांगावा : मिळाले ते दुकानात दाखवावे. मागाहून सांगितले की अपमान वाटतो.

हिशेबाची वेळ ठरलेली असावी. आठवड्यातून एकदा, अर्धा तास, वही समोर ठेवून. तीनच प्रश्न पुरतात. काय झाले, काय अडले, पुढे काय करणार? मधल्या दिवसांत गिऱ्हाइकासमोर टोकू नये. नोकराने हद्दीत राहून सांगितलेला भाव मालकाने गल्ल्यावरून बदलला, तर त्या दिवसापासून त्या नोकराचा शब्द दुकानात चालत नाही. दोष दाखवायचा असेल तर शटर ओढल्यावर, एकांतात.

आणि नुकसान झाले तर? मुदारबतचा नियम येथे उपयोगी पडतो. काम करणाऱ्याने हलगर्जी केली नसेल, अटी मोडल्या नसतील, तर भांडवलाचा तोटा भांडवलवाल्याचा. नोकराने हद्दीत राहून घेतलेला माल पडून राहिला, तर त्याच्या पगारातून कापणे गैर आहे. हद्द मोडली असेल तर जाब अवश्य घ्यावा. हा फरक स्पष्ट नसेल तर कुणीही जबाबदारी घेण्यास पुढे येणार नाही, आणि चूकही ठरणार नाही त्याची.

काम वाढले की पगारही वाढला पाहिजे. कुवतीपलीकडचे ओझे हाताखालच्या माणसावर घालू नये आणि घातलेच तर त्याला हातभार लावावा, ही प्रेषितांची (स.) शिकवण सर्वपरिचित आहे. चाव्या दिल्या, खरेदी दिली, वसुली दिली आणि पगार मात्र पूर्वीचाच ठेवला, तर ते काम सोपविणे नाही, लादणे आहे.

मुंबईच्या डबेवाल्यांची गोष्ट

एवढ्या खालच्या माणसाच्या भरवशावर मोठा कारभार चालतो काय, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर आपल्याच पुणे जिल्ह्यात आहे. मुंबईचे डबेवाले बहुतेक मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर भागातले. १८९० च्या सुमारास हे काम सुरू झाले असे मानतात. २०२० च्या टाळेबंदीपूर्वी सुमारे पाच हजार माणसे रोज लाखावर डबे पोचवीत आणि रिकामे परत आणीत. त्यांच्यात फार शिकलेले थोडे. तरी हार्वर्ड बिझनेस स्कूलने २०१० साली त्यांच्या कामाचा अभ्यास प्रसिद्ध केला.

त्यांचे गमक काय? वरून रोज हुकूम देणारा शेठ नाही. माणसे लहान लहान गटांत विभागलेली, प्रत्येक गटाला एक मुकादम. गिऱ्हाईक जोडणे, पैसे गोळा करणे, भांडण मिटविणे हे सारे गटातच. प्रत्येक डब्यावर खूण असते. कोठून उचलला, कोणत्या स्टेशनावर उतरवायचा, कोणत्या इमारतीत द्यायचा, हे त्या खुणेत आहे. ती वाचणाऱ्याला कुणाला विचारावे लागत नाही. गटात दोन-तीन माणसे जादा असतात, एखादा आजारी पडला की त्याची वाट ते सांभाळतात. टाळेबंदीत कचेऱ्या बंद झाल्या, डबे आणि माणसे दोन्ही घटली, हे खरे. ते संकट गिऱ्हाईक गेल्यामुळे आले, पद्धत चुकल्यामुळे नाही.

आपल्या दुकानाने यातून दोन गोष्टी घ्याव्यात. एक, डोक्यातली माहिती खुणेत आणि वहीत आणावी : प्रत्येक ताग्यावर चिठ्ठी, प्रत्येक मापाला नंबर, प्रत्येक देणेकऱ्याचे पान. दुसरी, प्रत्येक कामाला दुसरा माणूस तयार असावा.

सुरुवात कशी करावी?

चाळीस दिवस एकदम कुणी देऊ नयेत. पहिल्या महिन्यात एक दुपार दुकानाबाहेर राहावे. पुढच्या महिन्यात एक पूर्ण दिवस, फोन न करता. मग तीन दिवस, मग आठवडा. प्रत्येक वेळी परत आल्यावर काय अडले ते लिहावे आणि तेवढीच गाठ सोडवावी. भाव अडला असेल तर हद्द वाढवावी, चावी अडली असेल तर दुसरी करावी, ओटीपी अडला असेल तर नाव नोंदवावे. एका वर्षात, इन्शाअल्लाह, चाळीस दिवसांची तयारी होते.

आपल्यातला प्रत्येकजण राखणदार आहे आणि आपल्या ताब्यात जे आहे त्याचा जाब त्याला द्यावा लागेल, असे आपण मानतो. दुकानात राबणारी पोरेही आपल्या ताब्यातच आहेत. दहा वर्षे ठेवून त्यांना काय शिकविले, याचाही जाब त्यात आला. त्यांच्या हाती काम द्यावे, हद्द सांगावी, वही लावावी आणि मग हजचा अर्ज भरावा.